शेळीची विश्रांती गव्हाणीपाशी ठरते

दुभत्या शेळ्यांच्या गोठ्याची प्रत ठरवताना सहसा दोन मोजमापे पुढे केली जातात. दर शेळीमागे किती चौरस मीटर जागा आहे, हे पहिले. आणि दर शेळीमागे किती चारा व खुराक पडतो, हे दुसरे. दोन्ही आवश्यक आहेत, यात वाद नाही. पण हे दोन्ही आकडे उत्तम असलेल्या गोठ्यातही काही शेळ्या दिवसातला बराच काळ नुसत्या उभ्या असलेल्या आढळतात. त्या खातही नसतात आणि बसलेल्याही नसतात, त्या वाट पाहत असतात. माझे म्हणणे असे आहे की शेळीला मिळणारी विश्रांती बसण्याच्या जागेवर जेवढी अवलंबून असते, तेवढीच, आणि कित्येकदा त्याहून अधिक, गव्हाणीच्या रचनेवर आणि चारा टाकण्याच्या वेळांवर अवलंबून असते. म्हणून पशुकल्याणाचे नियम, दूध खरेदी करणाऱ्यांचे निकष आणि गोठा बांधणीची अनुदाने या सर्वांनी गव्हाणीकडे आज आहे त्याहून कितीतरी अधिक लक्ष दिले पाहिजे.

शेळीच्या दृष्टीने विश्रांती म्हणजे काय, हे आधी स्पष्ट व्हायला हवे. बंदिस्त गोठ्यातली निरोगी प्रौढ शेळी चोवीस तासांपैकी साधारण निम्मा वेळ बसून काढते. हा वेळ सलग नसतो; दिवसरात्रीत विखुरलेल्या अनेक बैठकांचा तो मिळून झालेला असतो. रवंथ करण्यात शेळीचे दिवसाला सहा ते आठ तास जातात आणि त्यातले बरेचसे रवंथ ती बसून करते. रवंथ करताना चारा पुन्हा चावून बारीक होतो, त्यात भरपूर लाळ मिसळते आणि लाळेतल्या बायकार्बोनेटमुळे कोठीपोटातली, म्हणजे जठराच्या पहिल्या व सर्वांत मोठ्या कप्प्यातली, आम्लता आटोक्यात राहते. कोठीपोटातले सूक्ष्मजीव जगतात ते या समतोलावर आणि दुधातली फॅट, शेळीची भूक व तिच्या खुरांचे आरोग्यही शेवटी त्याच समतोलाशी जोडलेले आहे. त्यामुळे निवांत बसलेली शेळी रिकामी बसलेली नसते. तिच्या पचनाचा अर्धा भाग त्या बैठकीतच पार पडत असतो. एखादीला वारंवार उठावे लागले तर नुकसान केवळ आरामाचे होत नाही, खाल्लेल्या चाऱ्याचा उपयोगही कमी होतो.

गायींच्या बाबतीत या प्रश्नाचा अभ्यास अधिक झाला आहे आणि त्यातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली आहे. बसणे, खाणे आणि कळपातला सहवास या तिन्हींसाठी मिळणारा वेळ कमी केला, तर दुभत्या गायी बसण्याचा वेळ राखण्यासाठी इतर गोष्टींत काटछाट करतात. बसणे ही मागे टाकता येईल अशी दुय्यम गरज नाही, असे त्यातून दिसते. शेळी आणि गाय यांच्यात फरक पुष्कळ आहेत आणि गायीचे निष्कर्ष शेळीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरीही रवंथ करणाऱ्या जनावराचा दिवस हा मर्यादित तासांचा हिशोब असतो आणि एका ठिकाणी वाया गेलेला वेळ दुसऱ्या ठिकाणातून वजा होतो, हे तत्त्व दोघींनाही लागू आहे. शेळीच्या दिवसात असा वेळ सर्वाधिक वाया जातो तो गव्हाणीपाशी.

याचे एक कारण शेळीच्या खाण्याच्या पद्धतीत आहे. खाली मान घालून समोर येईल ते गवत खात पुढे सरकणारे हे जनावर नाही. तिचे तोंड निमुळते असते, वरचा ओठ चपळ असतो आणि ती पान, शेंडा, कोवळा देठ वेचून घेते व जाड काडी मागे टाकते. झुडपांचा पाला खाण्यासाठी ती मागच्या दोन पायांवर उभी राहते. गव्हाणीतही ती हाच स्वभाव घेऊन येते. चारा पडल्याबरोबर त्यातला उत्तम भाग आधी उचलला जातो, आणि तासाभराने गव्हाणीत उरलेला चारा वजनाने पुष्कळ दिसला तरी गुणाने तो पहिल्यासारखा राहिलेला नसतो. शिवाय तुडवलेला, लेंड्या किंवा मूत्र लागलेला चारा शेळी सहसा तोंडात घेत नाही. याचा अर्थ असा की गव्हाणीपाशी पहिल्यांदा पोहोचणारी शेळी आणि शेवटी पोहोचणारी शेळी यांना कागदावर सारखा चारा मिळत असला, तरी प्रत्यक्षात त्यांच्या पोटात वेगवेगळा आहार जातो. पहिल्या खेपेला जागा मिळवण्याची धडपड शेळ्यांमध्ये एवढी तीव्र का असते, याचे उत्तर इथे आहे. ते त्यांच्या स्वभावाचे भांडखोरपण नव्हे; आपल्या शरीराला काय हवे ते त्यांना नेमके कळते, म्हणून त्या धडपडतात.

दुसरे कारण कळपातल्या उतरंडीचे. शेळ्यांच्या कळपात वरचढ कोण आणि दबून राहणारी कोण, हे ठरलेले असते. वय, शरीराचा आकार, शिंगे आणि कळपात आल्याचा काळ या सर्वांचा त्यात भाग असतो. मोकळ्या रानात ही उतरंड फारशी बोचत नाही, कारण दबलेली शेळी चार पावले दूर जाऊन दुसऱ्या झुडपाला तोंड लावते. गव्हाणीत मात्र सगळे अन्न एका रेषेत मांडलेले असते आणि दूर जाणे म्हणजे अन्नापासून दूर जाणे. वरचढ शेळीला प्रत्येक वेळी टक्कर द्यावीही लागत नाही. तिने मान वळवून पाहिले तरी शेजारची मागे सरते. अशा प्रसंगात आवाज होत नाही, जखम होत नाही, त्यामुळे तो पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. पण दिवसभरात तो पुन्हा पुन्हा घडला तर दबलेल्या शेळीचे वेळापत्रकच इतरांच्या मर्जीवर चालू लागते.

नॉर्वेतल्या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात गव्हाणीतल्या एका जागेमागे एक, दोन आणि तीन शेळ्या ठेवून काय होते ते पाहिले. जागेमागे शेळ्या वाढल्या तसा खाण्यात जाणारा वेळ घटला, मागे उभे राहून वाट पाहण्याचा वेळ वाढला आणि आक्रमक वागणूकही वाढली. या बदलाची झळ उतरंडीत खालच्या शेळ्यांना अधिक बसली. खाण्याचा वेळ घटला म्हणजे पोट रिकामे राहिले असे लगेच म्हणता येत नाही, कारण घाईत असलेले जनावर भरभर गिळते आणि दिवसाचे एकूण वजन कसेबसे भरून काढते. माझ्या मते नेमक्या याच जागी मालकाची आणि तपासनिसाचीही फसगत होते. चारा संपला आहे, दूध फारसे घटलेले नाही, तेव्हा सगळे ठीक आहे असा निष्कर्ष काढला जातो. घाईने खाण्याची किंमत चाऱ्याच्या वजनात दिसत नाही. ती कोठीपोटाच्या आम्लतेत, उभे राहण्यात गेलेल्या तासांत आणि तुटलेल्या बैठकींत दिसते आणि यातले काहीही तराजूवर चढत नाही.

एक साधा हिशोब मांडून पाहू. समजा, गोठ्यात साठ शेळ्या आहेत, गव्हाणीत एका वेळी वीस तोंडे मावतात आणि प्रत्येक शेळीला दिवसाला पाच तास खायला लागतात. एकूण गरज तीनशे तासांची झाली. वीस जागा चोवीस तास उपलब्ध असल्या तर चारशे ऐंशी तास होतात. म्हणजे कागदावर जागा पुरून उरते आणि एका जागेमागे तीन शेळ्या ठेवण्यात काही वावगे नाही, असा युक्तिवाद करता येतो. तो केलाही जातो. पण शेळ्या चोवीस तासांत सारख्या विखरून खात नाहीत. सकाळ आणि संध्याकाळ या त्यांच्या मुख्य खाण्याच्या वेळा, शिवाय ताजा चारा पडला की सगळ्याच उठतात, आणि एकीला खाताना पाहून दुसरीला खावेसे वाटते. कळपात राहणाऱ्या जनावराची ही उपजत रीत आहे. खाण्याचा खरा जोर आठ तासांत एकवटला असे धरले, तर वीस जागांतून केवळ एकशे साठ तास मिळतात, तीस जागांतून दोनशे चाळीस, आणि तीनशेची गरज भागायची तर किमान अडतीस जागा लागतात. तीही सगळ्या शेळ्या शिस्तीने एकामागून एक आल्या तर. आणि शेळ्या तशा येत नाहीत. ज्यांची वेळ या आठ तासांत लागत नाही त्या उरलेल्या वेळात, म्हणजे बाकीच्या शेळ्या बसून रवंथ करत असताना, खायला उठतात. त्यामुळे त्यांची स्वतःची बैठक तर मोडतेच, पण गव्हाणीकडे जाताना त्या बसलेल्यांच्या मधून वाट काढतात आणि त्यांनाही उठवतात. गव्हाणीतली टंचाई अशा रीतीने बसण्याच्या जागेत शिरते.

बसण्याच्या जागेवरही त्याच नॉर्वेजियन गटाचे काम आहे. दर शेळीमागे बसण्याची जागा १ चौरस मीटरवरून ०.७५ आणि पुढे ०.५ चौरस मीटर केली, तेव्हा शेळ्यांचा बसण्याचा वेळ कमी झाला आणि सगळ्यांनी एकाच वेळी बसण्याचे प्रमाणही घटले. याच अभ्यासातून दिसते की शेळ्यांना भिंतीला टेकून बसायला आवडते. मधल्या मोकळ्या जागेपेक्षा कडेची जागा त्यांना हवी असते. आता गव्हाण आणि भिंत यांचा संबंध पाहा. पुष्कळ गोठ्यांत एका लांब भिंतीच्या पूर्ण लांबीत गव्हाण बांधलेली असते, दुसऱ्या बाजूला दार आणि पाण्याची टाकी असते, आणि बसायला भिंतीची जी कड उरते तिच्या समोरूनच सगळी येजा चालते. एकूण क्षेत्रफळ मोजले तर ते नियमात बसते. पण निवांत बसता येईल असे क्षेत्रफळ त्याच्या निम्मेही नसते. क्षेत्रफळाचा आकडा खाण्याची वाट आणि बसण्याची जागा यांत भेद करत नाही, ही त्याची मोठी उणीव आहे. मधूनमधून आडव्या भिंती किंवा फळ्या घालून, उंचवट्याचे लाकडी ओटे बांधून त्याच जागेत अधिक कडा तयार करता येतात. उंचावर बसणे शेळीला मुळातच आवडते आणि ओट्याखालची जागा दबलेल्या शेळीला आडोसा म्हणून मिळते.

स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी गव्हाणीतल्या शेजाराचा बारकाईने अभ्यास केला आहे. दोन शेळ्या किती अंतरावर शांतपणे शेजारी शेजारी खाऊ शकतात, हे त्यांनी तपासले. ज्या शेळ्यांचे एकमेकींशी जिव्हाळ्याचे नाते असते आणि ज्या लहानपणापासून एकत्र वाढलेल्या असतात, त्या अगदी जवळ उभ्या राहून खातात. मोठ्या वयात एकत्र आणलेल्या शेळ्यांना बरेच अधिक अंतर लागते. शिंगे असणे-नसणे यानेही फरक पडतो. पुढच्या प्रयोगांत त्यांनी गव्हाणीवर जागांच्या मध्ये भरीव आडपडदे लावले आणि काही जागा ओट्यावर उंच नेल्या, तेव्हा शेजारणींमधली चढाओढ कमी झाली. शेजारीण दिसत नसेल तर तिची धास्ती उरत नाही, इतके हे सरळ आहे. मला या कामाचे मोल विशेष वाटते, कारण त्यातून निघणारा उपाय स्वस्त आहे. चार फळ्या योग्य जागी लावण्यासाठी नवा गोठा बांधावा लागत नाही. आणि आणखी एक गोष्ट त्यातून निघते, जी बांधकामाशी संबंधित नाही: करडांना एकत्र वाढवून पुढेही तोच गट टिकवला, तर गव्हाणीवरची तितकी शांतता विनाखर्च मिळते. दुधाच्या प्रमाणानुसार दर काही आठवड्यांनी गट मोडून नवे गट करण्याची पद्धत खुराकाच्या हिशोबाला सोयीची असेल, पण प्रत्येक नव्या गटात उतरंड पुन्हा ठरवावी लागते आणि ती पहिल्यांदा ठरते गव्हाणीवर.

चारा टाकण्याच्या वेळांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे आणि त्यावर सरसकट सल्ला देणे मला योग्य वाटत नाही. दिवसातून अधिक वेळा चारा टाकावा म्हणजे शेळ्यांना बरे, असे सहज म्हटले जाते. पण ताजा चारा येण्याचा आवाज झाला की बसलेला सगळा कळप उठतो. एकूण चारा अपुरा असेल आणि तो पाच वेळा थोडा थोडा टाकला, तर एकाऐवजी पाच चढाओढी होतात, पाच वेळा बैठक मोडते आणि पाचही वेळा खालच्या शेळ्या मागे राहतात. याउलट गव्हाणीत चारा सतत असेल, काही प्रमाणात उरतही असेल, तर नव्या खेपेला उठणे हे निवडीचा आनंद घेण्यापुरते असते. ज्या शेळीला बसून राहायचे असेल ती बसून राहू शकते, कारण तासाभराने गेले तरी मिळेल, असा अनुभव तिच्या गाठीशी असतो. म्हणून वेळा किती, यापेक्षा दोन वेळांच्या मध्ये गव्हाण किती काळ रिकामी असते, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. रात्रभर रिकामी राहिलेली गव्हाण ही पहाटेच्या चढाओढीची तयारी असते.

दूध काढण्याच्या वेळेशी चाऱ्याची सांगड घालण्याने मात्र दुहेरी लाभ होतो. दूध काढल्यानंतर सडाचे छिद्र काही काळ सैल राहते आणि त्या अवस्थेत शेळी ओल्या किंवा घाण जागी बसली, तर कासदाहाचे जंतू आत शिरण्याचा धोका वाढतो. परतणाऱ्या शेळ्यांना गव्हाणीत ताजा चारा तयार मिळाला, तर त्या उभ्या राहून खातात, छिद्र आवळले जाते आणि पोट भरल्यावर त्या शांतपणे बसतात. इथे चाऱ्याची व्यवस्था विश्रांती मोडत नाही, उलट तिला योग्य वेळ नेमून देते. पण यालाही जागा पुरेशा असण्याची अट आहेच. नाहीतर पहिल्या वीस शेळ्या खातात आणि बाकीच्या, दूध काढून रिकाम्या झालेल्या व भुकेल्या, थकून खाली बसतात, म्हणजे नेमके जे टाळायचे होते तेच घडते.

खुराकाचा प्रश्न वेगळा. दाण्याचा खुराक कोठीपोटात झपाट्याने आंबतो. तो गव्हाणीत एकदम टाकला की वरचढ शेळ्या आपल्या वाट्याहून कितीतरी अधिक खातात आणि त्यांच्या पोटात आम्लता वाढते. दबलेल्यांना तो पुरेसा मिळत नाही आणि त्या अशक्त होतात. एकाच व्यवस्थेने दोन टोकांच्या शेळ्या दोन वेगळ्या कारणांनी आजारी पडू शकतात, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. म्हणूनच खुराक दूध काढण्याच्या जागी, प्रत्येकीला तिच्या हिशोबाने द्यावा आणि गव्हाण मुख्यतः वैरणीसाठी ठेवावी, ही जुनी रीत विश्रांतीच्या दृष्टीनेही शहाणपणाची ठरते. मान अडकवणाऱ्या चौकटींनी खुराकाचे वाटप समान होते, हे खरे आहे. पण शेळी त्यात अडकलेली असताना शेजारणीच्या टोच्यापासून तिला मागे सरता येत नाही, आणि सगळ्यांचे खाऊन झाल्यावरही चौकटी उघडायला उशीर झाला तर तो सगळा वेळ बसण्याच्या वेळातून जातो. खुराक संपेपर्यंतच त्यांचा वापर असावा.

गाभण शेळ्यांचा उल्लेख वेगळा करायला हवा, कारण त्यांच्या बाबतीत चूक सर्वांत महाग पडते. गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत, विशेषतः पोटात दोन किंवा तीन करडे असताना, गर्भाशय कोठीपोटाची जागा व्यापते. शेळीला एका वेळी फार खाता येत नाही, पण गर्भाच्या वाढीमुळे तिची गरज मात्र वाढलेली असते. तिला थोडे थोडे पण वारंवार खावे लागते आणि मध्ये मध्ये बसावे लागते. अशी जड शेळी गव्हाणीवरून दोन-तीन वेळा हुसकली गेली की ती प्रयत्न सोडून देते. मग शरीरातली चरबी झपाट्याने वापरली जाते आणि गर्भविषबाधा म्हणून ओळखला जाणारा, शेळी व करडे दोघांच्याही जिवावर बेतणारा विकार ओढवू शकतो. पहिल्यांदा विणाऱ्या तरुण शेळ्यांना प्रौढ शेळ्यांच्या गटात सोडण्याचा काळही बहुधा हाच असतो, म्हणजे उतरंडीतली सर्वांत खालची पायरी आणि शरीराची सर्वांत मोठी गरज एकाच वेळी येते. या काळात स्वतंत्र गट आणि प्रत्येकीला गव्हाणीत हक्काची जागा, याला पर्याय नाही.

गव्हाणीच्या उंचीबद्दल थोडक्यात. न्यूझीलंडमध्ये केलेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जमिनीलगत, डोक्याच्या पातळीवर आणि त्याहून उंच अशा तीन उंचींवर चारा ठेवला, तेव्हा शेळ्यांनी सर्वांत उंच गव्हाणीतून अधिक खाल्ले आणि तिच्यासाठी अधिक चढाओढही केली. पाला खाणाऱ्या जनावराला मान वर करून खाणे मानवते, हे यातून दिसते. पण अशा आवडीच्या जागा दोन-चारच असल्या तर त्याच भांडणाचे कारण ठरतात, हेही दिसते. गव्हाण फार खाली असेल तर शेळी पुढचे गुडघे टेकून खाते आणि त्या जागी घट्टे व जखमा होतात. अशा गुडघ्यांवर पुढे बसणे-उठणेही त्रासाचे होते. चारा अगदी डोक्यावर टांगला तर धूळ आणि कुसळे डोळ्यांत जातात.

आता या सगळ्याचे सार्वजनिक धोरणाशी काय नाते, याकडे वळू. ब्रिटनमध्ये १९७९ साली मांडलेल्या पशुकल्याणाच्या पाच स्वातंत्र्यांत भूक-तहानेपासून मुक्ती पहिली आहे आणि अस्वस्थतेपासून मुक्ती, ज्यात विश्रांतीची सोयीस्कर जागा येते, दुसरी. जगभरच्या पुढच्या नियमांवर त्या मांडणीचा मोठा प्रभाव पडला. पण नियम लिहिताना ही दोन स्वातंत्र्ये वेगवेगळ्या रकान्यांत गेली, एक आहाराच्या आणि दुसरे निवाऱ्याच्या, आणि त्यांच्यामधला दुवा सुटला. युरोपीय संघाच्या सेंद्रिय उत्पादनाच्या नियमांत गोठ्यातल्या दर प्रौढ शेळीमागे १.५ चौरस मीटर जागा आणि बाहेर २.५ चौरस मीटर जागा लागते. हे प्रमाण उदार आहे आणि ते टिकावे. पण पूर्ण १.५ चौरस मीटर असलेल्या गोठ्यात गव्हाणीच्या एका जागेमागे तीन शेळ्या असतील, तर तिथली दबलेली शेळी एवढ्या जागेतही उभीच राहील.

याउलट युरोपीय संघाच्या निधीतून तयार झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अविन’ या शेळ्यांच्या कल्याण-मूल्यमापन पद्धतीत गव्हाणीपाशी रांगेत उभ्या असलेल्या शेळ्या मोजणे आणि गुडघे टेकून खाणाऱ्या शेळ्या नोंदवणे, ही दोन्ही निरीक्षणे आहेत. ही दिशा योग्य आहे, कारण इथे बांधकामाऐवजी जनावराच्या वागण्याला प्रश्न विचारला जातो. मला वाटते, अशी निरीक्षणे ऐच्छिक पद्धतीत न राहता दूध खरेदीच्या निकषांत आणि अनुदानाच्या अटींत आली पाहिजेत. चारा टाकल्यानंतर मागे उभ्या राहिलेल्या शेळ्या मोजायला कोणतेही यंत्र लागत नाही. आणि त्यानंतर दोन तासांनी, कळप रवंथाला बसायला हवा त्या वेळी, किती शेळ्या अजून उभ्या आहेत हे पाहायलाही लागत नाही. पायाला बांधायचे, बसणे-उठणे नोंदवणारे छोटे सेन्सर आता उपलब्ध आहेत आणि संशोधनात ते उपयोगी पडले आहेत, पण त्यांच्या आकड्यांची सरासरी काढण्याचा मोह टाळावा. कळपाची सरासरी बारा तास निघाली आणि त्यात काही शेळ्या चौदा तास व काही आठच तास बसत असल्या, तर ती सरासरी नेमकी ज्यांच्यासाठी तपासणी करायची त्यांनाच लपवते. बसण्याचे तास अधिक म्हणजे कल्याण अधिक, असेही सरळ नाही. लंगडी किंवा आजारी शेळीही खूप बसते, आणि गव्हाणीवरून वारंवार हुसकली गेलेली शेळी कोपऱ्यात बसून राहते ती समाधानाने नव्हे. बसलेली शेळी रवंथ करते आहे का, हे पाहिल्याशिवाय तासांना अर्थ येत नाही.

या आग्रहावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला खर्चाचा. प्रत्येक शेळीला एक जागा द्यायची, आणि एका जागेला साधारण ४० सेंटीमीटर, शिंगांच्या शेळ्यांना त्याहून अधिक लांबी लागते, असे धरले तर साठ शेळ्यांना किमान चोवीस मीटर गव्हाण होते; ती लांबी पुष्कळ गोठ्यांत एका भिंतीवर मावणार नाही. हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकणे पशुपालकावर अन्याय करणारे ठरेल. पण गव्हाण एकाच भिंतीवर हवी असा नियम नाही. दोन्ही बाजूंनी खाता येईल अशी मधली गव्हाण, बाहेरच्या मोकळ्या आवारात एखादी वैरणीची जाळी, आणि ओट्यावरच्या काही उंच जागा मिळून ही संख्या गाठता येते, आणि चारा एकाहून अधिक ठिकाणी असला की एक वरचढ शेळी सगळ्यावर पहारा ठेवू शकत नाही, हा वेगळाच लाभ होतो. दुसरा आक्षेप नासाडीचा: गव्हाणीत सतत चारा ठेवला तर शेळ्या निवडून खातात आणि उरलेला वाया जातो. काही भाग उरणे हे शेळीच्या आहारात अटळ मानले पाहिजे. पूर्ण चाटून-पुसून साफ झालेली गव्हाण म्हणजे कोणाला तरी जाड काड्यांवर दिवस काढावा लागला आहे. उरलेली वैरण इतर जनावरांना देता येते किंवा अंथरुणाला वापरता येते. शिवाय खरी नासाडी होते ती चारा ओढून पायाखाली पाडल्याने, आणि ती उभ्या दांड्यांच्या योग्य चौकटीने बरीच कमी होते.

तिसरा आक्षेप लहान कळपांच्या बाजूने येतो आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. चार-सहा शेळ्या पाळणाऱ्यावर मोठ्या गोठ्यांचे नियम लादले, तर त्याचा धंदा मोडेल आणि शेळ्यांचे भले होणार नाही. जगात शंभर कोटींहून अधिक शेळ्या आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य अशाच लहान कळपांत आहेत. पण लहान कळपाला या बाबतीत नियमांची गरजही कमी असते, कारण तिथे प्रत्येक शेळी ओळखीची असते आणि दबलेलीला बाजूला घेऊन वेगळे खाऊ घालणे हाताच्या अंतरावर असते. सक्तीची गरज आहे ती जिथे शेकडो शेळ्या एका छपराखाली आहेत आणि जिथे एकेकीकडे पाहण्याऐवजी कळपाच्या बेरजेकडे पाहिले जाते, तिथे. तिथे एका शेळीमागे गव्हाणीत एक जागा हा मूळ नियम असावा. वैरण चोवीस तास उपलब्ध असल्याचे दाखवता आले आणि रांगेत उभ्या शेळ्या नगण्य असल्याचे तपासणीत दिसले, तरच त्यात थोडी सूट मिळावी. आणि गाभणपणाच्या शेवटच्या टप्प्यातल्या शेळ्यांसाठी कोणतीही सूट असू नये.

गोठा बांधणीच्या अनुदानाचे नकाशे मंजूर करताना गव्हाणीची लांबी, तिच्याकडे जाणारी वाट आणि बसण्याची जागा या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या दाखवण्याची अट घालणे हे यातले सर्वांत सोपे आणि तातडीने करता येण्यासारखे काम आहे. एकदा काँक्रीट ओतले गेले की पुढची वीस-पंचवीस वर्षे त्या गोठ्यातल्या प्रत्येक पिढीतल्या दबलेल्या शेळ्या त्या नकाशाप्रमाणेच उठत-बसत राहतात. दूध खरेदी करणाऱ्यांनीही कल्याणाच्या नावाने अधिक दराचे दूध विकताना त्यातला वाटा गव्हाणी वाढवण्यासाठी पशुपालकाला द्यावा, कारण आज या सुधारणेचा खर्च एकट्या पशुपालकावर पडतो आणि तिचे श्रेय मात्र बाटलीवरच्या चित्राला मिळते.